डिशवॉशरची जाळी

दीड तास घुमून डिशवॉशर थांबला. मी बाहेर काढलेल्या पहिल्याच वाटीच्या तळाशी कढीपत्त्याचं पान चिकटलेलं होतं आणि त्याभोवती वाळलेल्या आमटीचं पिवळं कडं. गेले आठ दिवस हेच चाललं होतं.

"आमच्याकडे भांडी माझ्याकडे असतात," असं माझा नवरा पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. मशीन त्यानेच पसंत केलं, बटणही तोच दाबतो. म्हणून दुरुस्तीवाला आला तेव्हा मी मुद्दाम बाजूला उभी राहिले. त्याने वाकून मशीनच्या तळातली जाळी उपसली. तिच्यात शितांचा लगदा आणि मोहरी गच्च बसली होती. नवरा शेजारीच उभा असताना त्याने ती जाळी माझ्यासमोर धरली.

"वहिनी, ही दर आठवड्याला घासायची असते. तुम्ही कधी काढलीच नाही वाटतं?"

माझं डोकंच सणकलं. चालतं तोवर मशीन नवऱ्याचं, मग तुंबल्यावर ते माझं कसं झालं? घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या माणसालाही इथला खरकटा लगदा कुणाच्या नावावर आहे, हे कोण सांगतं? आणि नवरा तर मान डोलावत होता, जणू त्याने मला हे कितीदा बजावलं होतं!

"त्यांना सांगा," मी म्हणाले आणि ती बुळबुळीत जाळी नवऱ्याच्या हातात दिली.

त्याने ती दोन बोटांत धरून सिंकमध्ये नेऊन ठेवली आणि हात स्वच्छ धुतले.

आज तिसरा दिवस आहे. जाळी अजून तिथेच आहे. सकाळी त्याने तिच्यावर आपला चहाचा कप ठेवलाय.