पान एकशे अठ्ठ्याऐंशीचं गाठोडं

"तू शुद्धलेखन बघ. गोष्ट बघू नकोस," नीलिमा मॅडम फोनवर म्हणाल्या.

कादंबरी चार दिवसांनी प्रिंटला जाणार होती. आणि पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर काहीतरी गडबड वाटतेय, असं मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं.

मी कॉपी एडिटर आहे. लेखकाचं लिहून झालं की चुका दुरुस्त करायच्या आणि मंगळवारी मेलेला माणूस गुरुवारी चहा पीत नाही ना, हेही बघायचं. शंका आली तर समासात लिहायची. तिला आम्ही क्वेरी म्हणतो. पुण्याच्या एका प्रकाशनाचं काम मी विदर्भात, आर्णीतल्या घरून करते. समास मला आवडतो, तिथे कोणी मध्येच बोलत नाही. मॅडम आमच्या संपादक. या पुस्तकाबरोबर माझं प्रोबेशन संपणार होतं.

लेखक मोठे. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात. या वेळी त्यांचा इन्स्पेक्टर एका खुनाच्या तपासासाठी विदर्भातल्या एका महाराजाच्या पंथात भक्त बनून शिरतो. तिथे एक चमत्कार रोज घडतो. भक्त संध्याकाळी कापसाचं गाठोडं तोलून आश्रमाच्या अंगणात ठेवतो. सकाळी पुन्हा तोलतात, तर वजन वाढलेलं. महाराजाची कृपा! गावकरी पाया पडतात. पान एकशे अठ्ठ्याऐंशीवर इन्स्पेक्टर लपवलेल्या कॅमेऱ्यात एका चेल्याला गाठोड्यात ओली वाळू भरताना पकडतो. चेला सगळं कबूल करतो आणि त्यावरून खुनाचा उलगडा होतो.

वाचताना मला खटकलं, पण खात्री नव्हती. आमच्याकडे शेती नाही. म्हणून मी शेजारच्या रजिया खालांकडे गेले. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. मी गोष्ट सांगितली. त्यांनी सुई थांबवली आणि इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला.

"अगं बेटा, थंडीत कापूस बाहेर ठेवशीन तर दव पिऊन जड होनारच ना! वाळू कायले पाह्यजे?"

"सगळ्यांना माहीत असतं हे?"

"इथल्या लेकरायलेबी मालूम हाय. कापूस घेनारा व्यापारी पयले हात घालून ओल पायते. तुह्या त्या पोलिसाले कोनी सांगितलं नाही काय?"

मी त्यांच्याकडून पाच किलो कापूस आणि दुकानातला काटा मागून आणला. संध्याकाळी गच्चीवर गाठोडं ठेवलं, काट्याचा फोटो काढला. सकाळी दुसरा फोटो. जवळजवळ पाव किलो वाढ. माझ्यावर कृपा करायला रात्री कोणी आलं नव्हतं.

आता प्रश्न माझा होता. गप्प बसले तर नोकरी पक्की होती आणि पुस्तक आमच्या जिल्ह्यात विनोदी म्हणून वाचलं गेलं असतं. बोलले तर शेवटची चाळीस पानं कोसळणार होती, तीही एका नवख्या मुलीच्या सांगण्यावरून. मी अर्धा दिवस क्वेरी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. शेवटी तीन ओळी आणि दोन फोटो पाठवले. सरांना, आणि कॉपी मॅडमना.

दहा मिनिटांत सरांचा फोन आला.

"तुम्ही इंग्लिश मीडियमच्या ना?"

"हो, सर."

"आणि मला कापूस शिकवताय?"

कापूस मराठी मीडियमचाच आहे, हे उत्तर मला फोन ठेवल्यावर सुचलं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, "सर, फोटो बघितले का?"

पलीकडे माउसचे दोन क्लिक ऐकू आले. मग म्हणाले, "म्हणजे माझा चेला..."

"निर्दोष आहे, सर."

"आणि गावकऱ्यांना हे माहीत असणार."

"हो."

"मग ते पाया कशाला पडतात?"

"विचारून सांगते," म्हटलं आणि पुन्हा खालांकडे गेले. या वेळी त्या हसल्या नाहीत. दोऱ्याला गाठ मारत म्हणाल्या, "आमच्या गल्लीतली एक बाई जात होती अशा एका महाराजाकडे. मी तिले म्हटलं, काहून जातं वं? तर म्हने, तिथं मले माह्या नावानं हाक मारतात. घरी तिले कोनी नावानं बोलावत नव्हतं. याची माय, त्याची बायको, बस."

मी ते जसंच्या तसं सरांना लिहून पाठवलं. मॅडमचा मेसेज आला, 'हे काय चालवलंयस?' मी तो वाचून फोन उलटा ठेवला.

दोन दिवस कोणाचाच फोन नाही. मी जुने ईमेल आवरले, नवी नोकरी शोधायची साइट उघडून बंद केली. तिसऱ्या दिवशी नवी चाळीस पानं आली. चेला सुटला होता. इन्स्पेक्टर एका म्हाताऱ्या भक्तिणीला विचारतो, दवानं कापूस जड होतो हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? ती म्हणते, "साहेब, मले दव शिकवून राह्यले काय?" आणि पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोलायला लागते. खुनी तिच्या बोलण्यातून सापडतो. आधीपेक्षा खूप चांगलं झालं होतं.

एकच क्वेरी उरली. 'सर, या बाईला सगळीकडे नुसतं म्हातारी म्हटलंय. तिला नाव हवं.'

उत्तर आलं, 'तुम्हीच द्या.' मी दिलं. सखुबाई.

पुस्तक दोन आठवडे उशिरा आलं. मॅडम उशिरावरून बोलल्याच, पण माझ्या कन्फर्मेशनचं पत्रही त्यांनीच पाठवलं. खालांना मी ते प्रकरण वाचून दाखवलं. सखुबाई आली तेव्हा त्या नुसती मान हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "खून कोनं केला ते सांगू नको. मी वाचतो सावकाश."

तेव्हापासून कुठलंही हस्तलिखित आलं की मी आधी त्यातली बिननावाची माणसं मोजते. शुद्धलेखन नंतर.