जीपच्या आवाजाखालचं बोलणं

“तिला कावून सांगितलं न्हाई अजून?”

आवाज काकूचा, पण पडद्यावर काकू नाही. पडद्यावर मी आहे. केजच्या आमच्या कापडदुकानासमोर, भाड्याच्या जीपच्या दाराशी, ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून पदर मुठीत धरून उभी. आई माझ्या कपाळाला विभूती लावून नुकतीच बाजूला झालेली. अप्पा टपावरच्या बॅगांची दोरी ओढून बघतायत. भर मे महिन्यात त्यांच्या गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं. ते मी त्या दिवशीही पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

काकूच्या प्रश्नाचं उत्तर इंजिनाच्या घरघरीत बुडालेलं. मी चित्र मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

ही डीव्हीडी माझ्या चुलतभावानं, सचिननं, बनवलेली. निखिलनं, माझ्या नवऱ्यानं, आपला हँडीकॅम त्याच्याकडे ठेवला होता आणि आम्ही निघेपर्यंतचा सगळा आठवडा सचिननं टिपला. आमच्याकडे लग्नाच्या कॅसेटला मूळ आवाज कधी नसतोच. स्टुडिओवाला तो काढून टाकतो आणि वर सिनेमाची गाणी चढवतो. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर सगळे बिनधास्त बोलतात. कॅमेरा फोटो काढतो, ऐकत नाही, अशीच सगळ्यांची समजूत. सचिनला गाणी चढवता आली नाहीत, एवढंच.

रविवारी सासू-सासरे ती बघायला येणार होते. निखिल इथेच, न्यू जर्सीत वाढलेला. त्याला आजीकडून शिकलेलं पुस्तकी मराठी येतं. आमच्या घरचं बोलणं त्याच्या कानावरून निघून जातं. “सबटायटल्स टाक ना,” तो म्हणाला. मीही खुश झाले. बोलण्यापेक्षा टाइप करणं मला नेहमीच सोपं गेलंय.

दोन संध्याकाळी मी ते काम केलं आणि जरा फसवाफसवीही. काकू माझ्याकडे बघून म्हणते, “बैलपोळ्याचा बैल बी एवढा सजवत न्हाईत गं!” खाली मी टाकलं, यू लुक ब्यूटिफुल. मामा निखिलला म्हणतात, “जावाईबापू, खावा की, का अमेरिकेत निसतं वास घेत्यात?” खाली मी टाकलं, प्लीज हॅव सम मोअर. लातूरच्या इंग्रजी शाळेनं मला दोन भाषा दिल्या आणि घरची लपवायला शिकवलं. सुट्टीत होस्टेलवरून आले की बहिणी म्हणायच्या, “म्याडम आल्या, आता हाय-न्हाई बंद.” मग मी गप्पच बसायची.

माझ्या गप्प बसण्याचं अप्पांना कधी ओझं वाटलं नाही. शाळेच्या प्रवेशाला मोठ्या बाईंनी नाव विचारलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा ते कानात म्हणाले होते, “तू निसतं हां म्हन, बोलायचं मी बगतो.” पुढे होस्टेलवर फोन आला की तेच बोलत. कोणतं गिऱ्हाईक साडी परत घेऊन आलं, घाटनांदूरच्या आत्याची म्हैस व्याली, कुणाच्या घरी केबल आली. मी हं, हं करायची. मध्येच ते गल्ल्यावर कापड मोजायचा लोखंडी गज वाजवत, मी ऐकतेय ना ते बघायला.

इथे आल्यावर पहिल्या फोनवर ते चार शब्द बोलले, घोगरे. “घसा बसलाय,” म्हणाले. त्यानंतर कधीच नाही. दर रविवारी मी कॉलिंग कार्डाचा नंबर दाबायची आणि आई म्हणायची, “दुकानात हायत.” मला वाटलं, पोरगी देऊन टाकली की बापाचं बोलणंही संपत असावं. तुमच्यापैकी जे असे लांब गेलात, त्यांना ठाऊक असेल, इथे माणूस रुसतो आणि रुसवा कुणाला सांगत नाही. मी घरातलं हीटिंग वाढवायची आणि भांडी घासायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी हेडफोन लावले. सॉफ्टवेअरमध्ये जीपची घरघर कमी करत गेले, तसं तिच्याखालून आईचं बोलणं वर आलं.

“सांगितलं तर जाती का ती? घशात गाठ हाय. ती गेल्यावर आपरेशन करू म्हनलेत.”

काकू म्हणाली, “आवाज जातो म्हनं.”

“जातोच म्हनले डाक्टर.”

“मग फोनवर गं?”

“दुकानात हायत म्हनायचं. दुसरं काय.”

आणि पडद्यावर, त्याच वेळी, मी जीपमध्ये बसले. अप्पा खिडकीशी वाकले आणि फाटक्या आवाजात म्हणाले, “थंडी लागली की कानाला बांद.” माझ्यापाशी टिपलेला हा त्यांचा शेवटचा आवाज, आणि त्यात त्यांनी कान बांधायची आठवण केली. मी खाली टाइप केलं, टेक केअर. खोडलं. ती ओळ रिकामी ठेवून मी मागे गेले.

गाठ, आवाज, दुकान. मी आईचं वाक्य न् वाक्य इंग्रजीत टाकलं, यावेळी एक अक्षर मऊ न करता. निखिल मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं वाचलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हे खरं आहे?” मी स्क्रीनकडे बोट केलं. त्यानं फोन आणून माझ्या हातात दिला.

तिकडे सकाळ होती. आईनं उचलला.

“अप्पा?” मी म्हणाले.

“दुकानात हायत गं.”

पूर्वी मी इथे बरं म्हणून फोन ठेवला असता. केज म्हणजे माझ्यासाठी चौक नव्हता, दुकानही नव्हतं. माझ्या वाटचं बोलणारा एक माणूस होता, आणि तो आठ महिने माझ्यासाठी दुकानात लपून बसला होता.

“आई, मला कळलंय. कॅमेऱ्यात सगळं ऐकू येतंय. फोन दुकानात ने.”

ती रडली नाही. मग चपलांचा आवाज, पायऱ्या, रस्त्यावरचा एसटीचा हॉर्न. फोन कुणाच्या तरी कानाशी गेला. श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, ओला. तो श्वास काहीतरी म्हणायला धडपडत होता, आणि मला ते सहन होईना.

शाळेनंतर माझ्या तोंडून कधी न निघालेल्या घरच्या भाषेत मी म्हणाले, “अप्पा, तुमी निसता गज वाजवा. बोलायचं मी बगते.”