बाबांचा रक्तगट

ऑफिसात त्याला सगळे ‘तंतोतंत’ म्हणायचे आणि ते ऐकून तो खूश व्हायचा, यातच सगळं आलं. लोक वेबसाइटवर जे भरतात ते बरोबर आहे की नाही, हे तपासणारी लायब्ररी, म्हणजे इतरांना आयता वापरता येणारा कोड, तो लिहायचा. शाळा-दवाखाने तो कोड बिनधास्त उचलत. शेजारच्या टेबलावरची, कोड वापरून चुका शोधणारी टेस्टर बाई वर्षभर त्याच्या मागे लागली होती.

“अरे, कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरायची सोय दे. माणसं घाईत टाइप करतात.”

“मग घाई करू नये,” हा म्हणायचा. अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार?

एका दुपारी वडिलांचा फोन आला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरायचं होतं; जिना चढताना ते आता प्रत्येक पायरीवर थांबत.

“मी ऑपरेशन करून घेत नाही,” ते म्हणाले. “माझा रक्तगटच नाही म्हणे. दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या फॉर्मात एबी टाकला की ‘असा पर्याय नाही’ असं येतं. जन्मभर होता की रे. वयानं जातो का?”

त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. फोनने सवयीने पहिलं अक्षर कॅपिटल केलं होतं, दुसरं स्मॉलच राहिलं होतं: ‘Ab’. आणि खालचं ते वाक्य त्याच्याच कोडमधलं होतं, पूर्णविरामासकट. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

त्याने तडकाफडकी कोड बदलला. काहीही टाइप झालं तरी आधी सगळं स्मॉल करायचं. टेस्टर बाईने तपासलं आणि ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली.

“आता तर कुणाचंच रक्त चालत नाही. रक्तगटांची यादी कॅपिटलमध्येच ठेवलीस ना, शहाण्या? तुलना करताना दोन्हीकडे सारखं कर. आणि साठवताना यादीतलंच साठव.”

त्याने तसं केलं. वर्षभर अडवून धरलेलं काम चहा निवायच्या आत झालं. दवाखान्याने नवा कोड घेतला, तेव्हा तो वडिलांकडे गेला. त्यांनी त्याच्या देखत पुन्हा रक्तगट भरला, तोच, तसाच. या वेळी पटकन पुढचं पान उघडलं.

वडिलांनी फोन उपडा ठेवला. “परवा नाही म्हणाले, आज हो म्हणतायत. ज्यांचं स्वतःचंच ठरत नाही त्यांच्या हाती मी पाय देणार नाही.”

ऑपरेशन टळलं तर हा माणूस घराबाहेर पडायचा नाही, हे त्याला दिसत होतं.

“दवाखान्याची चूक नव्हती, बाबा,” तो म्हणाला. “ती तपासणी मी लिहिली होती. लोक सांगत होते, मी ऐकलं नाही.”

वडिलांनी फोन सुलटा केला.

“तारीख घे,” ते म्हणाले. “आणि आईपाशी यातलं काही बोलू नकोस. पोराच्या कामात चूक सापडायची नाही, असं मी तिला सांगत असतो.”