तोडणाऱ्याचा पहिला घास

साल दोन हजार बावीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तर येतील त्या दिवशीची. पण हायब्रीड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बावीस वर्षं मी कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर मुकादम होतो. संध्याकाळी मादीच्या कळीतले नराचे तुरे बाया नखानं काढायच्या, खुणेला लाल कागद लावायच्या आणि सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्यावर फिरवायच्या. झालं हायब्रीड. एखादी कळी नजरेतनं सुटली की ती आपली आपण फळायची. त्या बोंडाला आम्ही ‘सेल्फ’ म्हणायचो. चांगल्या मालात सेल्फ मिसळलं की सगळा माल नापास. माझ्या प्लॉटचा माल बावीस वर्षांत एकदाही नापास झाला नाही. हे मी विचारणाऱ्यालाही सांगतो आणि न विचारणाऱ्यालाही.

गुडघे गेले, मुकादमकी सुटली. तोवर सूनबाईनं पडेगावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धिंगरी लावली होती. धिंगरी म्हणजे भुश्याच्या पिशवीवर येणारी पांढरी अळिंबी, कानाच्या पाळीसारखी. शहरातली हॉटेलं न्यायची, पण आमच्या वस्तीत कुणी हात लावायचं नाही. शेजारी माझ्याच वयाचा एक माणूस राहतो, जन्मभर ट्रक चालवलेला. तो रोज कुंपणावरनं हाळी द्यायचा, “काय मुकादम, कुत्र्याच्या छत्र्यांना पाणी घातलं का?”

सूनबाई हसण्यावारी न्यायची. पण तिला काय लागतं ते मला दिसायचं. हॉटेलातला साहेब बोटं चाटतो आणि आपलीच माणसं नाक मुरडतात. म्हणून तिनं आषाढी पौर्णिमेच्या भोजनदानाची भाजी अंगावर घेतली. विहारात दोनशे माणूस जेवणार. वांगं नाही, बटाटा नाही, धिंगरी.

“एकदा वस्तीनं माझ्या हातचं खाल्लं ना आबा,” ती म्हणली, “मग मला काय नको.”

मला माझी माय आठवली. दौलताबादच्या किल्ल्यामागं आम्ही दुसऱ्याची गुरं राखायचो. पावसाळ्यात माय वारुळाची अळिंबी आणायची. शिजवली की पहिला घास तिचा. खाऊन ती ओट्यावर बसायची, कडुलिंबाची सावली एका दगडावरनं दुसऱ्या दगडावर जाईपर्यंत. तोवर आम्ही भावंडं भुकेनं रडलो तरी ताटली मिळायची नाही. “जो तोडील त्यानं आधी खायचं,” एवढाच तिचा कायदा. दुसरी एक छत्री शेणावर यायची, उंच दांड्याची. चिमटा काढला की निळी पडायची. तिला आम्ही गुराखी ‘येडी छत्री’ म्हणायचो. एकदा आमच्यातल्या एकानं पैजेवर खाल्ली. दुपारभर म्हशीच्या गळ्यात पडून रडला. मधीच हसायचा आणि किल्ल्याकडं बोट करून म्हणायचा, “डोंगुर श्वास घ्यायलाय, बघा बघा!” माय म्हणली, ती छत्री वाईट नाही, पण ती जेवण नाही. हे दोन्ही ध्यानात ठेव.

आता जावई. माझी लेक पुण्यात दिलेली, जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्या उन्हाळ्याच्या शेवटी दोघं महिना-दीड महिन्यासाठी आले. घरून काम चालायचं. येताना त्यांनी प्लास्टिकचे तीन डबे आणले आणि शेडच्या कोपऱ्यात ठेवले. वर मार्करनं लिहिलं होतं, ‘हायब्रीड’. माझं तिकडं लक्ष गेलं ते आषाढ लागल्यावर.

“हे काय जावईबापू?”

“अळिंबीच आहे आबा. परदेशातल्या दोन जातींचा संकर.”

संकर म्हणल्यावर माझे कान उभे राहिले. कुणी केला, नर कोणता, मादी कोणती, मी विचारत सुटलो. जावई खुश झाले. तिकडं हौशी लोक घरात दोन घराणी जुळवतात, म्हणाले, आणि नव्या जातीला नाव देतात, आपल्याकडं बियाण्याच्या पाकिटावर असतं तसं. ही त्यातली अगदी पांढरी निपजली, रंगच उतरलेला. मग त्यांनी तिचं मूळ सांगितलं. लांबच्या एका देशात डोंगरात म्हाताऱ्या बाया असायच्या. कुणी आजारी पडलं, कुणाचं मन हरपलं, की त्या ही छत्री पुढं ठेवून प्रार्थना म्हणायच्या. आधी स्वतः खायच्या, मग आजाऱ्याला द्यायच्या, आणि त्याच्याजवळ बसून राहायच्या. मग बाहेरचे हौशे आले. त्यांनी छत्री नेली, म्हाताऱ्या तिथंच राहिल्या.

“आधी स्वतः खायच्या?” मी म्हणलं. मला मायच दिसली.

मग डोक्यात उजेड पडला. “म्हणजे ही येडी छत्री!”

“तिच्याच कुळातली,” जावई हळू आवाजात म्हणाले. “पुण्यात फ्लॅटमध्ये शेजारी विचारतात. इथं कुणाला कळणार नाही.”

“जावईबापू, हा सरकारी गुन्हा हाय. आन् माझ्या सुनेची शेड हाय ही. उचला.”

“आठ दिवस द्या आबा.”

दुसरा कुणी असता तर डब्यासकट फाट्यावर नेऊन सोडला असता. पण जावई माणूस. ऊन भाकरी पडते ती आधी त्याच्या ताटात, पाटावर बसतो तो सगळ्यांच्या आधी. मी गप बसलो. मी चुकलो असं म्हणायची मला सवय नाही, पण तिथं मी चुकलो.

आठ दिवसांत पौर्णिमा आली. मी पहाटंच विहारात चूल लावायला गेलो. सूनबाई मसाला वाटायला तिथंच. शेडमधली धिंगरी तोडायला वस्तीतल्या चार बाया गेल्या. चौघी माझ्याच हाताखाली प्लॉटवर राबलेल्या. त्यांनी तीन घमेली भरून आणली आणि मंडपात बसून धिंगरी हातानं फाडायला घेतली.

मी सहज एक तुकडा उचलला. दांडा लांब, सरळ. चिमटा काढला. मीठ मोजलं, चुलीत लाकूड सारलं, परत बघितलं तर चिमट्याच्या जागी निळं.

मी तो तुकडा मुठीत झाकला.

“ही कुठून तोडली गं?”

“कोपऱ्यातल्या डब्यातनं,” त्यातली थोरली म्हणली. “वर हायब्रीड लिव्हलंय की. म्हणलं चांगला माल कशाला ठेवायचा, आज दानाचं काम हाय.”

तिची काय चूक? आमच्या मुलखात हायब्रीड म्हणल्यावर माणूस ते चांगलंच समजतं. त्याच एका शब्दावर आमची घरं चालली.

आता बघा माझी गोची. “विषारी” असा एक शब्द तोंडातनं काढला असता तर दोनशे माणूस उठून गेलं असतं, आणि सूनबाईच्या हातची धिंगरी पुन्हा कुणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली नसती. जावयाचं नाव घेतलं असतं तर लेकीनं तोंड कुठं दाखवायचं? आणि गप बसलो असतो तर दोनशे माणूस म्हशीच्या गळ्यात पडून रडलं असतं. त्यांत पोरंसोरं, पोटुशा बाया.

जे घमेलं फाडून झालं होतं त्यात आता निवडता येणार नव्हतं, ते मी सरळ उचललं आणि बाजूला नेऊन झाकलं. सूनबाई धावत आली. “आबा, चार आठवड्यांचा माल हाय तो!”

“माझ्यावर भरवसा हाय का नाय?”

तिनं माझ्याकडं बघितलं, मग घमेल्याकडं बघितलं. “हाय,” म्हणली. पण डोळ्यांत पाणी होतं.

मग मी कमरेवर हात ठेवले आणि बारा वर्षांत काढला नव्हता तो आवाज काढला. “बायांनो! मालात सेल्फ राहिलंय!”

काय सांगू. चौघींच्या पाठी ताठ झाल्या. एकीनं पदर खोचला, एक हसून म्हणली, “आगं बया, मुकादम जागा झाला!” कुणी विचारलं नाही काय, कशाला. सरळ दांड्याचं, गोल टोपीचं, गळ्यात कडं असलेलं काढा, एवढंच मी सांगितलं. त्यांची नखं चालायला लागली. दोन घमेली त्यांनी चार वेळा उपसली. मी पाचव्यांदा उपसली. एकही सुटलं नाही, हे मला ठाऊक होतं. पण माझं ठाऊक असणं दोनशे माणसांच्या पोटाला काय कामाचं?

भाजी शिजली. साडेदहा वाजले. मी विहारातल्या भंतेजींना बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. त्यांना बाराच्या आत जेवावं लागतं, नंतर अन्न चालत नाही. मी म्हणलं, “मला आधी खाऊन तासभर बसू द्या. मायचा कायदा हाय.”

भंतेजी म्हणाले, “तथागतांचं शेवटचं जेवण लोहाराच्या घरी झालं. काही लोक म्हणतात, त्यात अळिंबीच होती. ते बाधलं. पण त्यांना आधी घोर लागला तो लोहाराचा. त्याला कुणी बोल लावू नये म्हणून. बसा तुम्ही. मी थांबतो.”

मी भाजी वाढून घेतली, पोत्यातनं बियाण्याचा नमुना काढतात तशी: वरनं एक पळी, मधनं एक, तळातनं एक. घास उचलणार तोच जावई आले. थोरल्या बाईनं त्यांना मघाशीच सांगितलं होतं, तुमच्या डब्यातला माल आम्ही तोडला म्हणून. चेहरा चुन्यासारखा.

“आबा, तुम्ही नका. मी खातो.”

“आधी कधी खाल्लीय का ती तुम्ही?”

“नाही.”

“आन् जगाला सांगत फिरता म्हाताऱ्यांची गोष्ट. बसा शेजारी. तोडलं बायांनी, पण आणलं तुम्ही.”

दोघांनी ताटली साफ केली. वस्तीला वाटलं, जावयाचा मान म्हणून पहिली वाढणी. फक्त ट्रकवाला ओरडला, “मुकादम, भंतेजींच्या आधी? लई भूक लागली व्हय?”

“तुला काय करायचंय? तू तर खाणारच नाय.”

आभाळ भरलेलं, सावली काही पडेना. म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. सूनबाई पातेल्याशेजारी पळी धरून उभी, माझ्यावरची नजर हलवत नव्हती. जावई दर दोन मिनिटाला आपल्या बोटांकडं बघायचे. मी किल्ल्याच्या बाजूला बघत होतो. डोंगर आपल्या जागी होता. श्वासबीस काही नाही.

साडेअकराला मी उठलो. ट्रकवाला म्हणला, “काय रे, चक्कर आली का?”

“डोकं ठिकाणावर हाय का नाय ते ऐक,” मी म्हणलं, आणि भर मंडपात सुरू केलं. “एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी...” न थांबता दोनशे नव्वदपर्यंत. मास्तरच्या छडीनं बसलेला पाढा, तो कुठं जातो? पोरं टाळ्या पिटायला लागली.

“आता जावईबापू तुम्ही.”

जावई उठले. एकोणतीस चोकपर्यंत आले आणि हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडं गेला. मंडप हसून लोटपोट. ट्रकवाला म्हणला, “इंजिनेराला चढली वाटतं!” तेव्हा मात्र मी जावयाच्या डोळ्यांकडं निरखून बघितलं. पण जावईच हसत म्हणाले, “चढली नाही काका, मला हा पाढा कधी आलाच नाही.”

मी सूनबाईकडं बघून मान हलवली. भंतेजींना पहिली वाढणी झाली आणि पंगत बसली.

दोनशे माणसांनी माझ्या सुनेच्या हातची धिंगरी खाल्ली. एक घमेलं कमी होतं म्हणून ती वरण वाढवायचं म्हणत होती, पण रस्सा पुरला. एक म्हातारी म्हणली, “गं, मटणाच्या तोंडात मारती ही.” सूनबाई वाढत होती, वाकत होती, आणि तिचं तोंड असं उजळलं होतं की मला तिकडं फार वेळ बघवेना. आणि ट्रकवाला? तो कोपऱ्यात मान खाली घालून जेवत होता. त्यानं दुसऱ्यांदा ताट पुढं केलं. मी स्वतः पळी घेऊन गेलो.

“कुत्र्याची छत्री हाय. चालंल का?”

“वाढ मुकाट्यानं,” तो म्हणला.

दुपारी जावयांनी स्वतः फावडं घेतलं. सासुरवाडीत जावयानं खड्डा खणल्याचं आमच्या वस्तीनं आधी कधी बघितलं नव्हतं. तीन डबे, झाकलेलं घमेलं, उपसून काढलेलं सेल्फ, सगळं खड्ड्यात. वर चुना, वर माती. माती दाबताना ते म्हणाले, “आबा, दोन घराणी जुळवली म्हणजे झालं असं मला वाटायचं.”

“जुळवायला एक दिवस लागतो. निवडायला जन्म जातो,” मी म्हणलं.

त्या चौघींनी मला आजवर काही विचारलं नाही. आज लिहितोय ते जावयांना विचारून. ते म्हणाले, लिहा, फक्त पाढ्याचं गाळा. पाढ्याचं कसं गाळू?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुंपणाशी स्टीलचा डबा वाजला. ट्रकवाला. त्याच्यामागं थोरली बाई, मटणाचं बोललेली म्हातारी आणि आणखी पाच-सहा जण पिशव्या घेऊन.

“मुकादम, पावशेर दे. घरी नातवंडं मागायलीत.”

“थांब,” मी म्हणलं. शेडमध्ये गेलो, तोडायला आलेला पहिला झुबका तोडला, सूनबाईच्या तव्यावर तेलमीठ टाकून परतला आणि सगळ्यांसमोर ओट्यावर बसून सावकाश खाल्ला. ऊन पडलं होतं. सावली अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याजवळच्या पहिल्या दगडावर होती.

“अरे, आता कशाला बसतोस? काल बघितलं की सगळ्यांनी!”

मी दुसऱ्या दगडाकडं बोट दाखवलं आणि त्याला उभा ठेवला.