वरच्या खोलीचं दार

"पाहुण्याला आधी पाणी, मग प्रश्न," असं प्रमोदिनी म्हणायची. नळ दुरुस्त करायला आलेल्या डच माणसाने पाना काढायच्या आत ती त्याच्या हातात पेला द्यायची. तो बिचारा गोंधळून पाणी प्यायचा आणि मग नळाकडे बघायचा.

वाक्य तिच्या आईचं. आई कोकणात, दापोलीच्या खालच्या अंगाला, समुद्राकाठी घरगुती राहण्याची सोय चालवायची. आंब्याच्या खोडावर ठोकलेली पाटी, थोड्या खोल्या, आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या. पाहुणे खोल्यांत, घरचे पडवीत. प्रमोदिनीच्या लहानपणचे सगळे मे महिने पडवीत गेले, सुकत घातलेल्या आमसुलांच्या आंबट वासात. पाहुणे असताना आपला पलंग आठवायचा नसतो, हेही आईनेच शिकवलेलं. हे मात्र ती बोलून दाखवत नसे. ते तिच्या अंगात मुरलं होतं.

लग्न झालं आणि सतीशच्या मागोमाग ती नेदरलँड्सला आली. उइटहॉर्नमध्ये, आम्स्टेल नदीपासून थोडं आत, विटांच्या घरांच्या ओळीत त्यांचं घर. समोरच्या ओळीत माझ्या मुलाचं. मी माणदेशातला, मेंढरांमागे आयुष्य काढलेला. आमच्याकडे पाण्यासाठी जमीन खणतात, इथे जमिनीसाठी पाणी उपसतात. आणि इथे लोक पडदे ओढत नाहीत. दिवे लागले की समोरचं घर उघड्या पेटीसारखं दिसतं. बघू नये अशी इथली रीत आहे. मी बघतो. माझ्या गावात समोरच्या घराकडे न बघणाऱ्याला माणूसघाणा म्हणतात.

सतीश पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीतला. प्रमोदिनी आधी घरात बसून होती, मग एका हॉटेलात सकाळच्या नाश्त्याच्या कामाला लागली. तिथे टेबलं पुसता पुसता डच शिकली. पुढे तिने इथला पासपोर्टही घेतला. सतीशने आपला भारताचाच ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात ही मंडळी मुलीला, संहिताला, घेऊन फ्रान्सला गेली. बर्गंडीत मोर्वाँ नावाचे डोंगर आहेत, दाट झाडीचे. तिथे विलेमीन नावाच्या डच बाईंचं पाहुणेघर. नवरा वारलेला, मनगट प्लास्टरमध्ये, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीने न विचारता भांडी घासली. तिसऱ्या दिवशी सगळ्या टेबलांचा नाश्ता तिनेच लावला. "पैसे भरून नोकरी करणारी बायको मी पहिल्यांदा पाहिली," असं सतीश परत आल्यावर मला म्हणाला. तो हसत होता. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते घर उभं होतं, अंगणातल्या अक्रोडाच्या झाडासकट.

हिवाळ्यात विलेमीनबाईंचा फोन आला. हात पूर्वीसारखा होत नव्हता. एक हंगाम आपल्यासोबत काम करील आणि मग घर आपल्या अंगावर घेईल असं माणूस त्यांना हवं होतं. प्रमोदिनी मनात होती, पण कापेल गावचं एक डच जोडपंही मागे लागलं होतं. बाई म्हणाल्या, "कागद मला दाखवू नका. मार्चअखेरीस मी लायडनला बहिणीकडे येते आहे. दोन्ही घरी पाहुणी म्हणून राहीन. कोणाचं घर कसं आहे ते झोपल्यावर कळतं."

त्या दिवसापासून समोरच्या घरात आवाज चढायला लागले.

"तुझ्याकडे इथला पासपोर्ट आहे, तू फ्रान्सला कामाला जाशील," सतीश म्हणायचा. "मी डोंगरात काय करू? पाहुण्यांचे पासवर्ड बदलून देऊ?"

"आधी मी जाते. शाळा संपली की जुलैत तुम्ही दोघं या. ऑफिसने परवानगी दिली तर तू तिथूनच काम कर."

"आणि नाही दिली तर?"

"तर बघू."

"बघू-बघूवर घर चालत नाही, प्रमू."

ती एखादी चादर उचलून घडी घालायला घ्यायची, घडी घातलेली असली तरी.

विलेमीनबाई कापेलचा मुक्काम आटोपून शुक्रवारी यायच्या होत्या, सोमवारपर्यंत. समोरच्या घरात झोपायच्या खोल्या दोनच. संहिताने डचमध्ये सांगून टाकलं की तिची परीक्षा आहे आणि ती खोली सोडणार नाही. मग प्रमोदिनीने आपली स्वतःची खोली रिकामी केली. लग्नाचा फोटो काढला, कपडे संहिताच्या कपाटात कोंबले, भिंतीवर सुकलेल्या लव्हेंडरची जुडी टांगली. कोणालाही वाटावं की ही खोली पाहुण्यांसाठीच बांधली आहे. नवरा-बायकोची गादी खाली दिवाणखान्यात, रोज पहाटे गुंडाळून सोफ्यामागे.

"आपण खाली झोपतो हे तिला सांगायचं नाही," तिने बजावलं.

"का बरं?"

"पाहुण्याला कळलं की आपण पलंग सोडलाय, तर त्याला झोप लागत नाही."

बाई आल्या. उंच, हाडापेराने मजबूत, केस पांढरे. पाणी प्यायल्या, जेवल्या, "रविवारी नाश्त्याला माझा निर्णय सांगेन" म्हणाल्या आणि वर गेल्या. दार लागलं आणि सतीशच्या लक्षात आलं की त्याच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या पलंगाशेजारच्या खणात राहिल्या आहेत.

दार वाजवायला प्रमोदिनीने मनाई केली. शनिवारी बाई नदीकाठी फिरायला गेल्या तसा सतीश जिन्याकडे निघाला. ती आडवी उभी राहिली.

"पाहुण्याच्या मागे पाहुण्याच्या खोलीत जायचं नाही. हॉटेलात पहिल्या दिवशी शिकवतात."

"अगं, माझी खोली आहे ती."

"सोमवारपर्यंत नाही."

हे त्याने मला बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. "काका, स्वतःच्या घरात मला चेक-इन मिळत नाहीये. आणि शनिवारी इथे डॉक्टर नाही, डॉक्टरशिवाय गोळी नाही." त्याचा चेहरा तांबूस झाला होता, कपाळावरची शीर दिसत होती.

"डोकं दुखतंय असं सांग तिला."

"ती म्हणेल मी मुद्दाम करतोय. बेत फिसकटावा म्हणून."

"मग? करतोयस?"

तो नदीच्या दिशेने बघत राहिला. बेत फिसकटला तर त्याला हवंच होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

रविवारी सकाळी प्रमोदिनी मला बोलवायला आली. "काका, नाश्त्याला या. घरात वडीलधारं कुणी असलं की मला धीर येतो." रात्रभर तिचा डोळा लागला नसावा.

टेबलावर गरम थालीपीठं होती, लोणी होतं, पाव आणि चीज होतं. विलेमीनबाई खाली आल्या. थालीपीठाचा तुकडा मोडून लोण्यात बुडवून खाल्ला, दुसरा घेतला. प्रमोदिनीची नजर त्यांच्या हातावर. सतीश कपाळ दाबत बसलेला. संहिता माझ्या शेजारी, बाईंचं बोलणं मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला.

बाईंनी हात पुसले. स्वेटरच्या खिशातून एक डबी काढली आणि सतीशच्या बशीशेजारी ठेवली. डबीवर औषधाच्या दुकानाची चिठ्ठी, चिठ्ठीवर सतीशचं नाव.

"खणात रुमाल ठेवायला गेले, तेव्हा मिळाली," त्या म्हणाल्या. "मी कोणाच्या खोलीत झोपते आहे?"

चहा निवत चालला.

"आणि तुम्ही कुठे झोपता?"

"इथे," संहिता म्हणाली, डचमध्येच. "जमिनीवर. सोफ्यामागे गादी आहे."

प्रमोदिनीने डोळे मिटले. मला वाटलं, आता बाई तिचे हात हातात घेतील. आमच्याकडे असं कळलं असतं तर पाहुणा गहिवरला असता, जन्मभर नाव काढलं असतं. विलेमीनबाईंचा चेहरा कठीण झाला.

"मी हो म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणते."

"माझं काय चुकलं?" प्रमोदिनीने विचारलं.

"माझा नवरा बार्ट ऑगस्टमध्ये आमची खोली पाहुण्यांना द्यायचा. आम्ही कांद्याच्या कोठारात झोपायचो. प्रत्येक ऑगस्टला. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस. शेवटी शेवटी तो लोण्याच्या वाटीवरून पाहुण्यांवर ओरडायचा. ज्या माणसाला रात्री मागे लावायला दार नाही, त्याला ते घर खाऊन टाकतं. कापेलच्या जोडप्याने मला शुभरात्री म्हटलं आणि आपल्या खोलीत गेलं. सकाळपर्यंत मला कोणी दिसलं नाही. त्यांची कॉफी वाईट होती. पण ते टिकतील."

प्रमोदिनी उठली. बश्या गोळा करायला लागली. बश्या एकमेकींवर वाजत होत्या. काही महिने मनात बांधलेलं घर, अक्रोडाच्या झाडासकट, तिथेच टेबलावर संपलं होतं.

मी सतीशकडे पाहिलं. त्याला हवं ते मिळालं होतं, तेही त्याने बोटसुद्धा न उचलता. त्याने डबी उघडली, गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला. पेला खाली ठेवला आणि बोलायला लागला. त्याची डच बायकोपेक्षा कच्ची, शब्द अडखळत होते.

"मॅडम, गोळी विसरलो मी. चूक माझी. हिला मी लग्नापासून बघतोय. पाहुणे असताना ही पलंगावर झोपलेली मी पाहिली नाही. आपलं काही जातंय हे हिला कळतच नाही. लहानपणापासून तशीच आहे. तुम्ही शिकवा तिला. पण नाही म्हणू नका."

प्रमोदिनी बश्या हातात धरून वळली. नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू अनोळखी माणसाने आपल्या गावचं नाव घेतलं.

"काय बघतेस?" तो मराठीत म्हणाला. "तू इथे राहून रोज चादरींच्या घड्या घालणार. मला त्या बघवत नाहीत."

विलेमीनबाई म्हणाल्या, "हे शिकवता येत नाही. करून बघता येतं. आज रात्री मी या सोफ्यावर झोपेन. तुम्ही दोघं वर, तुमच्या पलंगावर, दार लावून. सकाळी मी हाक मारेपर्यंत खाली यायचं नाही." त्यांनी पर्समधून एक लांब, जुनी, लोखंडी किल्ली काढून दाखवली आणि परत आत टाकली. "सकाळी ही टेबलावर असेल तर घर तुझं. पर्समध्ये असेल तर कापेलचं."

"तुमच्या वयाचं माणूस सोफ्यावर, आणि मी वर पलंगावर?"

"हो."

"हे मला जमणार नाही."

"तेच बघायचं आहे."

मी घरी आलो. दुपारी मुलाने विचारलं, "बाबा, जेवत का नाही?" काय सांगणार त्याला? ओझं उचलायचं असतं तर त्या पोरीने डोंगर उचलला असता. तिला ओझं उचलायचं नव्हतं, खाली ठेवायचं होतं.

घड्याळं नुकतीच उन्हाळी वेळेवर गेली होती. जेवणं उरकली तरी आकाशात फिकट उजेड होता. मी खिडकीशी खुर्ची ओढली. समोर दिवा लागला. पडदे उघडेच.

त्यांचा जिना दिवाणखान्यातूनच वर जातो. आधी सतीश चढला. जाताना गोळ्यांची डबी वर उडवून त्याने झेलली, मला दिसावी म्हणूनच बहुधा. मग संहिता गेली. विलेमीनबाईंनी सोफ्यावर अंग टाकलं. त्यांचे पाय सोफ्याबाहेर आले होते.

प्रमोदिनीने तांब्या-भांडं आणून टेबलावर ठेवलं. पांघरूण ओढून बाईंचे पाय झाकले. जिना चढली. अर्ध्यावरून परत आली, खिडकीची फट बंद केली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. पुन्हा चढली, पुन्हा थांबली. कठडा धरून उभी राहिली. कळप पुढे गेला आणि कोकरू मागे राहिलं की मेंढी अशी उभी राहते. पुढचा पाय उचललेला असतो, टेकत नाही.

बाई हलल्या नाहीत. डोळे मिटलेले.

प्रमोदिनी एक पायरी उतरली. मी खुर्चीतून उठलो. काच मधे नसती तर ओरडलो असतो.

ती त्या पायरीवर बसली. गुडघ्यांवर हात ठेवून खाली सोफ्याकडे बघत राहिली. आकाशातला उजेड तेवढ्यात संपला. कोण जाणे, तिला पडवी दिसली का, आई दिसली का. मी फक्त तिची मान पाहिली. ती मान हळूहळू ताठ झाली.

मग ती उठली आणि चढत गेली. या वेळी कठड्याला हात लावला नाही. आधी डोकं दिसेनासं झालं, मग कंबर, मग पाय. वरच्या खिडकीत दिवा लागला. भिंतीवरून दाराची सावली सरकत गेली आणि थांबली. दार लागलं.

खाली विलेमीनबाईंनी डोळे उघडले. त्या झोपल्याच नव्हत्या. उठून बसल्या, जिन्याकडे बघत राहिल्या, रिकाम्या जिन्याकडे. मीही बघत होतो. त्यांनी भांड्यात पाणी ओतलं आणि सगळं प्यायल्या. मग पर्स उघडली. सकाळ व्हायला अजून सगळी रात्र होती, पण त्या थांबल्या नाहीत. किल्ली काढून रिकाम्या भांड्याशेजारी ठेवली आणि दिवा मालवला.