आईचा ट्रॅक्टर उरल्याच्या रस्त्यात

मी रायपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इंजिन हा विषय शिकवते. अठरा वर्षं झाली. इंजिनात हवा कशी शिरते, डिझेल कसं फवारलं जातं, ते कसं पेटतं, हे मी चार रंगांच्या खडूंनी फळ्यावर काढून दाखवते आणि माझी आकृती पुस्तकातल्यापेक्षा सुबक असते. मात्र त्या रविवारपर्यंत खऱ्या इंजिनाला मी कधी पाना लावलेला नव्हता. प्रॅक्टिकल घ्यायला आमच्याकडे वेगळे सर आहेत. त्यांचे हात कायम काळे असतात, म्हणून आम्ही थिअरीवाले त्यांना जरा कमीच लेखतो.

माझी आई अडुसष्ट वर्षांची. सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. वडील रेल्वेत होते. त्यांनी केव्हातरी घर बांधायचं म्हणून शहराबाहेर उरला नावाच्या गावाच्या बाजूला जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला. पुढे तिथे लोखंडाचे कारखाने वाढले, ट्रक आले, काळी धूळ आली आणि घराचा विषय संपला. "चांगलं-चांगलं लोक घेऊन गेले, आपल्या वाट्याला उरला," असं वडील म्हणायचे. ते गेल्यावर आईने तिथे वांगी आणि लालभाजी, म्हणजे लाल माठ, लावली. मग एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "आई, या वयात टीव्ही बघ ना." आईने फोन ठेवला आणि जवळच्या गावातल्या एका बाईकडे ट्रॅक्टर शिकायला जाऊ लागली. ती बाई दर हंगामात स्वतःचा ट्रॅक्टर चालवते. आईचा ट्रॅक्टरही तिच्याच अंगणात उभा असतो. तिथून आमची जमीन ट्रॅक्टरने अर्ध्या तासावर.

नोव्हेंबरपासून हा ट्रॅक्टर एक खेळ करू लागला. अंगणातून झकास निघायचा आणि बरोबर वीस मिनिटांनी, एका छोट्या पुलाच्या अलीकडे, घुसमटल्यासारखा होऊन बंद पडायचा. मग कितीही सेल्फ मारा, सुरू व्हायचा नाही. त्या जागी रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक देव आहे. नक्की कोणता, यावर तिथल्या लोकांचं एकमत नाही. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा कुणीतरी आईला नारळ फोडायला सांगितलं. दुकान लांब. आई चालत गेली, नारळ घेऊन आली, फोडला आणि किल्ली फिरवली, तर ट्रॅक्टर सुरू. दुसऱ्या वेळी तिने मिस्त्रीला फोन केला. मिस्त्री तासाभराने आला, त्याने किल्ली फिरवली, ट्रॅक्टर सुरू. तो आईला काही बोलला नाही, मला फोन करून म्हणाला, "दीदी, गाड़ी में कुछ नहीं है। माताजी को चलाना नहीं आता।"

फोन स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. पण त्यानंतर दोन आठवडे ती ट्रॅक्टरकडे फिरकली नाही, आणि एकदा मला सहज विचारल्यासारखं म्हणाली, "विकून टाकू का गं?"

तिसऱ्या वेळचा फोन मला रायपुरात, बूढ़ापाऱ्यातल्या घरी आला, रविवारी साडेबाराला.

"तोच पूल," आई म्हणाली. "आणि आज मधातच उभा राहिला. एका बाजूनं मोटारसायकल निघते, ट्रक निघत नाही."

"मिस्त्रीले बोलवलं?"

"त्याले नाही बोलावत मी. तू ये. तू तर पोट्ट्यांले हेच शिकवून राहिली ना इतके साल?"

मी शेजाऱ्यांकडून पान्यांची पिशवी मागून घेतली आणि स्कूटर काढली.

मी पोहोचले तेव्हा तीन ट्रक अडकले होते. आई साडीवर वडिलांचा जुना शर्ट घालून सीटवर ताठ बसली होती, जणू तिने तिथेच थांबायचं ठरवलं होतं. एक पन्नाशीचा ट्रकवाला बोनेटला टेकून पेरू खात होता. त्याने सांगितलं की दोनला कारखान्याची पाळी सुटते, मग या रस्त्याला पाय ठेवायला जागा राहात नाही.

मी मनातल्या मनात फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आईला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन जोमात फिरत होतं, म्हणजे बॅटरी ठीक. मागे जाऊन सायलेन्सरकडे पाहिलं. धूर नाही. काळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही. इंजिन फिरतंय आणि धूर नाही, याचा अर्थ डिझेल आतपर्यंत पोहोचतच नाही. हे मी दरवर्षी परीक्षेत विचारते. खरं आहे की नाही, ते मात्र पहिल्यांदाच पाहात होते.

"डिझेल किती आहे?" मी विचारलं.

"फुल. मी नेहमी फुल करूनच निघते."

मग मी फिल्टरला येणारी नळी सैल करायला घेतली. नट हलेना. ट्रकवाला थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मैडम, आप पढ़ाती हैं क्या?"

"हाँ. कैसे पता चला?"

"पाना पेन जैसा पकड़ी हैं।"

त्याने पाना कसा धरायचा ते दाखवलं. नट सुटला. टाकी वर, फिल्टर खाली, तेव्हा नळीतून धार लागायला हवी. चार थेंब पडले आणि थांबले. नळीत कचरा असेल म्हणून मी टाकीची तोटी बंद करून ती दोन्हीकडून काढून फुंकली. तोंडात डिझेल गेलं, नळी साफ निघाली. परत बसवली, तोटी उघडली, तरी तेच. आता माझं ज्ञान संपत आलं होतं. मी खाली उकिडवी बसून त्या सैल नटाकडे बघत राहिले. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"आई, टाकी खरंच भरलेली आहे का?"

"म्हणजे मी खोटी बोलून राहिली?"

"तसं नाही गं."

"हव, तसंच आहे. तुम्हां सगळ्यांले तसंच वाटते." ती सीटवरून उतरली, टाकीपाशी आली. "हे बघ डोळ्यांनी."

तिने झाकण फिरवलं. ते सहजी निघेना. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा आत हवा ओढली गेल्याचा सूंऽऽ असा लांब आवाज आला, आणि त्याच क्षणी माझ्यासमोरच्या नळीतून डिझेलची धार सुटून थेट माझ्या सलवारवर आली. मी उठायच्या आधी गुडघ्यापासून चपलेपर्यंत भिजले.

टाकीतलं डिझेल कमी होतं तशी त्याची जागा घ्यायला बाहेरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला टाचणीएवढं भोक ठेवलेलं असतं. ते बुजलं की टाकी आतून डिझेल धरून ठेवते, सोडत नाही. वीस मिनिटं गाडी चालते आणि उपाशी मरते. तासभर उभी ठेवली की झाकणाच्या कडेने हळूहळू हवा शिरते आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते. नारळ आणायला आणि मिस्त्री यायला तेवढाच वेळ लागला होता.

मी झाकण उलटसुलट करून पाहिलं. भोकावर हिरव्या रंगाचा जाड थर होता.

"आई, हा रंग कोणी लावला?"

आईने झाकण माझ्या हातातून घेतलं. "दिवाळीत फाटकाचा उरला होता," ती म्हणाली. "ट्रॅक्टर फार कळकट दिसून राहिला होता."

ट्रकवाला तोंड फिरवून पुलाकडे बघू लागला. त्याचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना आणि शेवटी आईलाही. तिने साडीची पिन काढली, झाकण मांडीवर घेतलं आणि ते भोक असं टोकरलं की रंगच काय, थोडा पत्राही गेला असेल.

आता नळीत शिरलेली हवा काढायची होती. इथे ट्रकवाल्याने सूत्रं हाती घेतली. मी इंजिनाशेजारचा डिझेलचा छोटा हातपंप दाबत राहिले, तो नटाशी बसून बुडबुडे बघत राहिला. बुडबुडे थांबले, नुसतं डिझेल आलं, त्याने नट कसला आणि आईला म्हणाला, "मारो माताजी।" इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर निघाला आणि धडधडत सुरू झालं. दोनला दहा मिनिटं कमी होती. ट्रकवाल्याने हात पुसले, उरलेला पेरू मला दिला आणि निघून गेला.

आमच्या जमिनीवर पोहोचल्यावर आई इंजिन बंद करेना. आम्ही बांधावर बसून डबा खाल्ला, शेजारी ट्रॅक्टर धडधडत होता, आणि भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ओरडून सांगावं लागत होतं. जेवताना तिने मिस्त्रीला फोन लावला. "भैया, खराबी गाड़ी में थी, चलाने में नहीं थी," ती म्हणाली. त्याने काय खराबी ते विचारलं असावं. "टेक्निकल था," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

"आता बंद कर," मी म्हणाले.

"राहू दे ना."

"आई."

तिने जाऊन इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. ती सीटवरच बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले वाटून राहिलं होतं, माझंच काही चुकते. क्लच कसा दाबते, रेस किती देते, तेच आठवत बसायची मी दिवसभर. वाटलं, आता हेही जमत नाही म्हणजे..." खरं तर तो मिस्त्री बोलला तेव्हा मीही त्याचंच थोडं खरं मानलं होतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिने किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. बंद केला, पुन्हा सुरू केला. असं पाच वेळा केलं. मग दुपट्टा डोक्याला बांध, ऊन फार आहे, असं मला बजावून ती ट्रॅक्टर घेऊन नांगरायच्या राहिलेल्या वाफ्यांकडे निघाली. डिझेलने चिकटलेली सलवार सावरत मी बांधावर बसून लालभाजी खुडत राहिले.