ओळख न पटलेली झाडं

आमचे हे आयुष्यभर सांगलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. अलीकडे त्यांना झाडांची नावंच आठवेनाशी झाली. अंगणातल्या जास्वंदीपुढे ते नुसते उभे राहत आणि मला ते बघवत नसे. डॉक्टर म्हणाले, कशात तरी गुंतवा. मग पुण्याच्या मुलाने एका जुन्या युरोपी हस्तलिखितातली झाडांची चित्रं छापून आणली. त्याची लिपी म्हणे अजून कुणाला वाचता आलेली नाही आणि झाडंही धड ओळखता आलेली नाहीत. मुलाची अक्कल मला आवडली. जिथे सगळं जगच नापास, तिथे ह्यांना कसली लाज?

रोज जेवण झालं की हे लाल पेन्सिल घेऊन बसत. "मूळ एकाचं, पान दुसऱ्याचं, फूल तिसऱ्याचं! आणि मुळाला हे पंजे कसले? झाड समोर न ठेवता चित्र काढलंय गाढवाने. पुन्हा काढून आण!" मुलांच्या जर्नलवर मारत तशी भलीमोठी फुली मारत. ह्यांची अंघोळ, औषधं, दिवसभर तोच तो प्रश्न, ह्या सगळ्याने मी पार पिचून गेले होते. पण भांडी आवरताना तो ओरडा ऐकू आला की वाटे, माणूस अजून शाबूत आहे.

पुढे फुल्या कमी होत गेल्या. एकदा ते पंजेवालं झाड बराच वेळ बघून म्हणाले, "छान आहे." मला काही त्यात छान वाटलं नाही.

गणेश चतुर्थीला पत्रीवरून आमचं दरवर्षी ठरलेलं भांडण. बाजारातल्या जुडीत शमी म्हणून सुबाभूळ खपवतात, दोन्हींची पानं तशीच बारीक. हे एकेक पान पारखत आणि सुबाभूळ निघाली की पूजा थांबवून माझ्यावर डाफरत, "डोळे आहेत की बटणं?" मी म्हणायची, देव भावाचा भुकेला. "म्हणून त्याला फसवायचं?" गुरुजी बिचारे ताटकळत बसत.

यंदा पत्रीवालीला मीच विचारलं, "ह्यात सुबाभूळ आहे ना?"

ती कावरीबावरी झाली. "आवं काकू, गणपतीला समदं चालतंय. नगं आसंल तर काढते की."

"काढू नको. तीच हवी आहे."

गुरुजींनी शमीपत्राचं नाव घेतलं तशी मी मुद्दाम सुबाभळीची डहाळी ह्यांच्या हातात दिली आणि आता तरी डाफरतील म्हणून जीव मुठीत धरून बसले. ह्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली. मग दोन्ही हातांनी देवाच्या पायाशी ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले, पाहुणा यजमानीणबाईंकडे बघून हसतो तसे.

आरती झाली. गुरुजी खूश होऊन म्हणाले, "यंदा कसं निर्विघ्न पार पडलं!"

मी ताटं वाढायला घेतली, आणि मला रडू आवरेना.